प्रसाद म्हणायचं नाही

मानपाडा रोडला कुठल्याही रिक्षावाल्याला सेंट टेक्ला हायस्कूल म्हटलं तर तो नुसता बघत राहतो. टेकला शाळा म्हटलं की बसा म्हणतो. त्या टेकला शाळेत शेवंती चोवीस वर्षं मावशी होती. लहान शिशूतल्या पोरांच्या ओल्या चड्ड्या बदलण्यापासून घंटा देण्यापर्यंत सगळं तिच्या अंगावर, पण तिच्या मनातलं काम एकच, चॅपलचं. सकाळी सव्वासहाला ती कुलूप काढायची, बाकं पुसायची, वेदीवरच्या फुलांचं पाणी बदलायची, आणि मग पोरांचा लोंढा यायच्या आधी वीस मिनिटं शेवटच्या बाकावर बसून राहायची. काही मागायची नाही, काही म्हणायची नाही. घरी सून, नातवंडं, टीव्ही, भिंतीपलीकडची भांडणं. दिवसभरात तिला कुणी हाक मारत नाही अशी ही वीसच मिनिटं होती.

ती हातची जायची वेळ आली एका मंगळवारी, आणि कशापायी, तर एका शब्दापायी.

त्या दिवशी शाळेच्या संतिणीचा सण होता. सणाची मिस्सा, म्हणजे फादरांनी चालवायची मोठी प्रार्थना, शाळेच्या मोठ्या हॉलमध्ये होते आणि तिला सगळे पालक येतात. शाळेत ख्रिस्ती पोरं शंभरात दहा. बाकी कोकणातली, साताऱ्याकडची, जळगावाकडची. पण पालक हौसेने येतात, नव्या साड्या नेसून येतात. मुख्याध्यापिका सिस्टर अर्सुला यांनीच ही प्रथा पाडली होती. त्या मंगळूरच्या, डोंबिवलीत येऊन पंधरा वर्षं झालेली. मराठी सरळ बोलायच्या, फक्त तो, ती, ते यांची अदलाबदल व्हायची.

मिस्सेच्या शेवटाकडे फादर पांढरी गोल चकती देतात. सिस्टर तिला होस्ट म्हणतात. ती फक्त कॅथलिक माणसाने घ्यायची. बाकीच्यांनी रांगेत यायचं, पण दोन्ही हात छातीवर आडवे ठेवायचे, म्हणजे फादर नुसता आशीर्वाद देतात. हे सगळं रांगेतल्या माणसांना सांगायचं काम शेवंतीचं.

आता सहाशे माणसांची रांग. पहिल्या वीस-पंचवीस जणांना तिने अख्खं वाक्य सांगितलं. पुढच्यांना नुसतं “ख्रिश्चन नसाल तर हात असे” म्हणून हात करून दाखवले. तेवढ्यात दुसरीतला एक पोरगा तिच्याच पायाशी ओकला. एका हाताने त्याचं डोकं धरलेलं, दुसऱ्या हाताने भुसा टाकायचा, आणि उशिरा आलेली एक बाई वाकून विचारते, “मावशी, काय देतायत पुढे?”

“प्रसाद आहे, चला पुढे,” शेवंती म्हणाली.

झालं.

ती बाई म्हणजे तिसरीतल्या सान्वीची आई, रसिका. तिने मुकाट हात पुढे केला, फादरांनी तळहातावर होस्ट ठेवला. पण ती होती नवरात्रातली दुसरी माळ आणि रसिकाचे नऊ दिवसांचे उपवास. चकती गव्हाची आहे हे तिला दिसत होतं. खाल्ली तर उपवास मोडतो, आणि प्रसाद नाकारता येत नाही. मग तिने जे कुणीही केलं असतं तेच केलं. बाजूला सरून पर्समधला रुमाल काढला, त्यात प्रसाद गुंडाळला, आणि घरी घेऊन गेली.

हे तिसऱ्या रांगेतून कॉर्निलिया टीचरने पाहिलं. मिस्सा संपून फादर ठाण्याला परत निघून गेल्यावर तिने ते सिस्टरच्या कानावर घातलं.

साडेदहाला शेवंतीला ऑफिसात बोलावणं आलं. सिस्टरच्या टेबलावरचा चहा तसाच गार झालेला. कॉर्निलिया टीचर खिडकीशी उभी.

“मावशी, तुम्ही त्यांना काय सांगितला?” सिस्टरनी विचारलं.

“प्रसाद म्हणाले.”

“प्रसाद नाही तो. किती वेळा बोलली मी. पेढा नाही, साखर नाही. आमच्यासाठी तो स्वतः प्रभू आहे.”

शेवंतीचं डोकं आधीच उठलं होतं. ओकारी साफ करून तिने हातसुद्धा नीट धुतले नव्हते. “मागच्या वर्षी ते झारखंडचे फादर आले होते, ते माइकवर म्हणाले होते, परमप्रसाद ग्रहण करें. मी माझ्या कानांनी ऐकलं.”

“ते हिंदीत,” कॉर्निलिया टीचर म्हणाली.

“मग मराठीत देव बदलतो का, टीचर?”

सिस्टरनी हात वर करून दोघींना थांबवलं. त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट इतका बारीक झाला होता की शेवंतीला ओरडल्या असत्या तर बरं असं वाटलं. “तो रुमालात आहे, मावशी. कुठेतरी पर्समध्ये, मोबाइलच्या, किल्ल्यांच्या बाजूला. तुम्हाला नाही कळणार.” मग त्यांनी डोळे पुसले आणि पुढचं एका दमात सांगून टाकलं. तो आज परत आला नाही तर त्यांना बिशप हाउसला लिहावं लागेल. पुढच्या वर्षीपासून सणाला पालक नाहीत. आणि चॅपल उद्यापासून कॉर्निलिया टीचर बघेल.

कॉर्निलिया टीचरने खिडकीबाहेर बघितलं.

शेवंतीने बाहेर येऊन शाळेच्या फोनवरून रसिकाला लावलं. रसिका ठाण्याला कोर्टाजवळ एका वकिलाकडे कामाला होती आणि तोवर तिथे पोचलीही होती.

“अगो मावशी, तो ना, मी घरी दिला आईंकडे. त्यांनी देवापुढे ठेवला. का गं, काय झालं?”

“आख्खा आहे ना?”

“आख्खाच असेल. आई म्हणाल्या संध्याकाळी आरती झाली की सगळ्यांना तुकडा तुकडा देऊ. मजल्यावर सात घरं आहेत आमच्या.”

शेवंतीने फोन ठेवला आणि छत्रीसुद्धा न घेता निघाली.

सोनारपाड्याला रसिकाची बिल्डिंग, तिसरा मजला, लिफ्ट बंद. जिना चढताना शेवंती मनातल्या मनात एकेकाचा हिशेब घेत होती. ओकणाऱ्या पोराचा, त्याला सकाळी सकाळी दूध पाजणाऱ्या आईचा, उशिरा येणाऱ्या रसिकाचा, तिसऱ्या रांगेतून मिस्सा ऐकायची सोडून लोकांचे रुमाल बघणाऱ्या टीचरचा. आणि देवाचाही. एवढा मोठा देव, त्याला रुपयाएवढ्या चकतीत यायची काय गरज होती, असं तिच्या मनात आलं, आणि लगेच तिने गालावर मारून घेतलं.

दार उघडलं रसिकाच्या सासूने. विमलाबाई सत्तरी उलटलेल्या, कोरेगावाकडच्या. कपाळावर मोठं कुंकू, हातात वातीचा कापूस.

“या, सान्वीच्या शाळेतल्या ना तुम्ही? बसा. पाणी घ्या. साबुदाणा खाणार?”

“आजी, बसायला नाही आले. सकाळी सुनबाईंनी रुमालातून काही आणलं, ते परत न्यायला आले.”

“प्रसाद? तो का परत? कमी पडला का तुमच्याकडं?”

देवघर हॉलमध्येच होतं. खाली परडीत काळी माती, तिच्यात गहू पेरलेले, मधे घट, वर दुसरी झेंडूची माळ. देव विड्याच्या पानांवर ओळीने बसवलेले. आणि त्यांच्या पुढे स्टीलच्या वाटीत ती पांढरी चकती, एकटी, कोरडी, धड. शेवंतीच्या जिवात जीव आला. हात पुढे केला की संपलं.

इथे तिने नुसतं “हो, कमी पडला” म्हटलं असतं तर विमलाबाईंनी वाटी उचलून हातात दिली असती. पण सिस्टरचं बोलणं तिच्या डोक्यात बसलं होतं. या शब्दाने एकदा घात केला होता, आता पुन्हा तोंडातून काढायचा नाही. खरं तेच सांगावं, म्हणजे म्हातारी घाबरून लगेच देईल.

“आजी, तो प्रसाद नाहीये. चूक माझीच, मीच तसं म्हणाले. सिस्टर सांगतात, तो त्यांचा देव आहे. स्वतः देव.”

विमलाबाईंच्या हातातला कापूस थांबला. “देव? मूर्ती नाही, फोटो नाही, हा देव?”

“तसंच आहे त्यांच्यात.”

“मग आधी का नाही सांगितलं कुणी? मी वाटीत ठेवलाय त्याला, चटणीच्या.”

आणि शेवंतीने काही म्हणायच्या आत विमलाबाई देवघरापुढे बसल्या. नवं विड्याचं पान पुसून घेतलं, त्यावर चिमूटभर अक्षता टाकल्या, ती चकती दोन बोटांनी उचलून पानावर ठेवली, खंडोबाच्या टाकाशेजारी. हळद वाहिली. कुंकू वाहिलं. झेंडूची एक पाकळी ठेवली. हात जोडले.

“आजी, अहो, तसं नाही. मला तो न्यायचाय.”

“आता कसा न्याल?” विमलाबाई म्हणाल्या. “देव घटी बसले. दसऱ्यापर्यंत कुणाला जागचं हलवायचं नाही. आम्ही आमच्या खंडोबाला अंघोळ घालत नाही या दिवसांत, तुमच्या देवाला कसं उठवू? दसऱ्याला या, शिलंगण झालं की घेऊन जावा.”

“आजी, सिस्टरना आज पाहिजे.”

“प्रसाद असता तर दिला असता हो. देव आहे म्हणालात तुम्ही.”

शेवंती खुर्चीवर बसली. देव होता तेव्हा ती प्रसाद म्हणाली. प्रसाद म्हटलं असतं तर सुटला असता, तेव्हा ती देव म्हणाली. चोवीस वर्षांत चुकीच्या वेळी बरोबर शब्द आणि बरोबर वेळी चुकीचा शब्द असं एका दिवसात कधी झालं नव्हतं. साबुदाण्याची बशी तिच्या पुढ्यात आली. तिने ती बाजूला ठेवली आणि सिस्टरना फोन करून तुम्हीच या म्हणून सांगितलं.

अर्ध्या तासाने सिस्टर अर्सुला स्वतः जिना चढून आल्या, घामाघूम, हातात सोन्याचा मुलामा दिलेली छोटी डबी. फादरांना त्यांनी फोनवर विचारून घेतलं होतं. आदराने परत आणा, नाहीतर तिथेच ग्रहण करा, कणही वाया जाऊ देऊ नका, असं फादरांनी सांगितलं होतं. दारात चप्पल काढून त्या आत आल्या, आणि देवघराकडे नजर जाताच तिथल्या तिथे दोन्ही गुडघ्यांवर बसल्या. डोकं खाली केलं.

विमलाबाई बघतच राहिल्या. पांढऱ्या झग्यातली सिस्टर त्यांच्या घटापुढे गुडघे टेकून बसली होती.

सिस्टर उठल्यावर विमलाबाईंनी थेट विचारलं, “सिस्टरबाई, हा तुमचा देव आहे ना?”

“हो,” सिस्टर म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदा जरा सैल झाला. “स्वतः देव. हेच तर मी सगळ्यांना सांगत असते. कोणी ऐकत नाही.”

“ऐका,” विमलाबाई शेवंतीकडे वळल्या. “त्या पण तेच म्हणतात. मग हलायचा नाही तो. सिस्टरबाई, काळजी करू नका. रोज दिवा, माळ, नैवेद्य. कशाला कमी पडू देणार नाही.”

सिस्टरना आधी कळलंच नाही. शेवंतीने समजावून सांगितलं, तेव्हा त्यांनी तोंडावर हात ठेवला. “दसऱ्यापर्यंत? इथे? मुंग्या येतील. पाणी पडेल.”

“मुंग्यांना मी हळदीची रेघ ओढते,” विमलाबाई म्हणाल्या.

“आई, प्लीज. तो आम्हाला द्या.”

“मी कोण देणारी? बसलेल्या देवाला उठवून लेकराबाळांच्या घरात काय ओढवून घेऊ मी? मागच्या साली वरच्या मजल्यावरच्या बाईनं मधेच टाक घासायला काढले, तिच्या मुलाची नोकरी गेली.”

सिस्टरच्या डोळ्यांत पाणी, विमलाबाईंच्या हनुवटीत हट्ट. आणि दोघी शेवंतीकडे बघायला लागल्या, जणू हा देव तिनेच सकाळी घरून डब्यात आणला होता. शेवंतीला असा संताप आला की तिला उठून सरळ खाली उतरावंसं वाटलं. चॅपल जाऊ दे, वीस मिनिटं जाऊ देत. एक म्हणते देव आहे म्हणून द्या, दुसरी म्हणते देव आहे म्हणून देत नाही, आणि दोघींचं बरोबर.

“सिस्टर,” ती वैतागून म्हणाली, “मला एक सांगा. सगळ्यांचे देव मूर्तीत राहतात, फोटोत राहतात. तुमचा देव या पोळीच्या कपट्यात येतो तो कशाला? बसायला येतो का?”

“बसायला नाही,” सिस्टर म्हणाल्या. “खायला.”

“काय खायला?”

“तो नाही खात. आपण त्याला खायचं. म्हणून तर तो भाकरीत येतो. माणसाच्या पोटात जायला. त्याने स्वतः तसा सांगितला आहे, मरायच्या आदल्या रात्री, जेवायला बसले होते तेव्हा.”

विमलाबाईंनी हे नीट ऐकून घेतलं. “देवाला खायचं?”

“हो.”

“घशातनं उतरतो देव?”

“उतरतो, आई. मी रोज घेते.”

विमलाबाईंनी चकतीकडे बोट केलं. “आणि हे त्यानं स्वतः सांगितलं? तुमच्या फादरांनी काढलेलं नाही?”

“स्वतः.”

“जाताना सांगितलं म्हणजे ते टाळता येत नाही,” विमलाबाई म्हणाल्या. “माझे सासरे जाताना म्हणाले होते, शेवटचा घास धाकट्याच्या हातचा द्या. धाकट्याशी भाऊबंदकी चाललेली, तरी बोलवून आणला होता.” त्यांनी पदर सावरला आणि देवघरापुढून जरा बाजूला सरकल्या. “त्याला बसायचंच नसेल तर मी बळंच कशी बसवू? पण मी हात लावणार नाही. ज्याचा देव त्यानं घ्यावा. आणि इथंच, माझ्यासमोर. डबीत घालून न्यायचा नाही. नेला म्हणजे उठवला.”

सिस्टरनी डबी शेवंतीच्या हातात दिली. पुन्हा गुडघ्यावर बसल्या. झेंडूची पाकळी बाजूला केली, पण हळद-कुंकू पुसलं नाही. पुसलं असतं तर बोटाला कण लागून गेले असते, हे शेवंतीच्या लक्षात आलं. क्रूसाची खूण करून त्यांनी तो होस्ट होता तसा, लाल-पिवळा, जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. बाहेर कुणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. चार शिट्ट्या होईपर्यंत तिघींतलं कुणी हललं नाही.

मग सिस्टरनी थोडं पाणी मागितलं. ते विड्याच्या पानावर ओतलं, पान तिरपं करून अक्षतांसकट पिऊन टाकलं. वाटीतही पाणी फिरवलं, तेही प्यायल्या.

“तीर्थ पण घेतात हो यांच्यात,” विमलाबाई कौतुकाने म्हणाल्या.

शेवंतीने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. आणखी एक शब्द आज तिला झेपला नसता.

परतीच्या रिक्षात सिस्टर डबी मांडीवर धरून बसल्या होत्या. त्यांच्या ओठाच्या कोपऱ्याला कुंकू लागलं होतं. सांगावं की नाही, हे शेवंतीला शाळेच्या फाटकापर्यंत ठरवता आलं नाही, आणि तिथे वॉचमनने बघितल्यावर सांगून उपयोग नव्हता. चॅपलचं काय ठरलं, हेही सिस्टरनी सांगितलं नाही. विचारावं तर थकलेल्या दिसत होत्या. न विचारावं तर रात्रभर डोळा लागणार नाही. शेवंती घरी गेली आणि सुनेवर उगाच भाजीत मीठ कमी म्हणून ओरडली.

दुसऱ्या दिवशी सव्वासहाला ती चॅपलच्या दाराशी उभी राहिली. कुणी काही कळवलं नव्हतं. कॉर्निलिया टीचरही आली नव्हती. पाच मिनिटं थांबून तिने कुलूप काढलं, बाकं पुसली, फुलांचं पाणी बदललं. पण बसली नाही. जे आपलं आहे की नाही हे माहीत नाही, तिथे बसायचं कसं?

पावणेआठला ती तडक ऑफिसात गेली. “सिस्टर, माझं काय ते एकदा सांगून टाका. काढायचं असेल तर काढा, पण असं टांगून ठेवू नका.”

सिस्टरनी चष्म्यावरून बघितलं. “काय काढायचं?”

“चॅपल.”

“कॉर्निलिया टीचर सव्वासहाला येऊ शकत नाही. तिची बस सात वाजता असतो,” सिस्टर म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, “आणि मी तिला काल रात्रीच नको सांगितला. तुम्हाला सांगायचा राहिला.”

रात्रभर न झोपलेल्या बाईला हे सांगायचं राहिलं.

“हे बघा,” सिस्टरनी तिच्यापुढे एक कागद सरकवला. “पुढच्या वर्षी घोटाळा नको. पालक येणार, पण हा बोर्ड लावू. मी इंग्लिशमध्ये लिहून दिला, कॉम्प्युटरच्या सरांनी मशिनवर मराठी करून दिला.”

शेवंतीने कागद हातात घेतला. ती अक्षरं जोडून वाचणारी, सावकाश वाचायची.

“जे पालक कॅथलिक नाहीत त्यांनी यजमान हातात घेऊ नये. यजमान रुमालात गुंडाळून घरी नेऊ नये. चुकून यजमान घेतला असल्यास तो जागीच संपवावा.”

तिने पुन्हा एकदा वाचलं. आपलंच काही चुकत असेल असं तिला वाटलं.

“सिस्टर, यजमान कोण?”

“होस्ट. सर बोलले होस्टला मराठीत तेच म्हणतात.”

“यजमान म्हणजे नवरा, सिस्टर.”

सिस्टरनी कागद ओढून घेतला. ओठ हलवत तिन्ही ओळी वाचल्या. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि दोन्ही तळहात डोळ्यांवर दाबून धरले.

“मग काय लिहायचा?” त्या तशाच म्हणाल्या.

“ते मला विचारताय?”

“मग कुणाला विचारू? बसा.”

शेवंतीने खुर्ची ओढली. लाल पेन घेऊन तिन्ही यजमान एकेक करून खोडले. सिस्टर देव म्हणाल्या, मग दोघींना विमलाबाईंचा घट आठवला आणि तो शब्द बाद झाला. भाकरी म्हणावं तर डब्यातली भाकरीही कुणी हातात घेणार नाही. शेवंतीच्या जिभेवर जो शब्द होता तो तिने गिळला. सिस्टरनी तो तिच्या चेहऱ्यावर वाचला आणि नुसती मान हलवली. दोघी त्या तीन खोडलेल्या जागांकडे बघत बसल्या, आणि आठ वाजले तशी शेवंती तणतणत उठली, कारण घंटा द्यायला दुसरं कुणी नव्हतं.